पाहुण्याला दिलेला पायगुण परत घेण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय निरीक्षण अधिकारी,
राष्ट्रीय संशोधन-गुणवत्ता व ज्ञानविनिमय मूल्यांकन मंडळ,
विभागीय कक्ष, नागपूर.

अर्जदार : श्रीमती नीलाबाई सोमाजी दुमाने, वय ६१ वर्षे, धंदा मासेमारी, अध्यक्ष, महिला मच्छीमार गट, मौजा भिवरटोला, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली.

अर्ज लिहून देणार : मनसाराम भानारकर, तहसील कार्यालयासमोर, कडुनिंबाखाली, चामोर्शी.

विषय : अर्जदाराने दि. ५ सप्टेंबर २०२२ रोजी तलावाच्या पाळीवर एका पाहुण्यास उद्देशून उच्चारलेले एक वाक्य परत घेणेबाबत, व त्या वाक्याच्या आधारे तलावात सोडण्यात येणारे गवत्या मासे थांबवणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या मंडळाने चार तारे दिलेला परिणाम-अभ्यास क्र. ७.
२) मंडळाच्या तज्ज्ञ पथकाचा भिवरटोला भेटीचा कार्यक्रम, सोमवार, दि. १ सप्टेंबर २०२५.
३) अर्जदाराची यापूर्वीची तोंडी तक्रार, जिची नोंद तक्रार म्हणून झालेली नाही.

महोदय,

१. अर्जदार नीलाबाई यांना लिहिता येते, पण सरकारी लिहिता येत नाही. म्हणून त्या काल सून दामिनी हिला सोबत घेऊन लिहून देणाऱ्याच्या टेबलाशी आल्या. लिहून देणारा गेली सव्वीस वर्षे या कडुनिंबाखाली बसून वारसनोंदी, जातीचे दाखले, हरवलेली रेशनकार्डे आणि रानडुकराने खाल्लेले धान यांचे अर्ज लिहितो. बोललेले वाक्य परत मागणारा अर्ज त्याच्या हातून आजवर गेलेला नाही. त्याने आधी टाळाटाळ केली, उद्या या म्हणाला. मग बाईंनी सगळी हकिकत सांगितली, आणि ती ऐकताना लिहून देणाऱ्याला जी शिसारी आली तिच्यामुळे हा अर्ज ठरल्यापेक्षा लांबला आहे. याबद्दल क्षमा असावी. आपल्याकडे येणारे परिणाम-अभ्यास याहून पुष्कळ लांब असतात असे कळते, तेव्हा वाचायची सवय आपणास असेलच.

ज्या विद्यापीठाविषयी हा अर्ज आहे त्याचे नाव यात मुद्दाम लिहिलेले नाही. ते आमच्या जिल्ह्याबाहेरचे आहे एवढेच सांगतो. नाव लिहिल्यास तोही एक उल्लेख म्हणून मोजला जातो व त्याचे गुण मिळतात, असे दामिनीने वाचले आहे.

२. भिवरटोला येथील मामा तलाव, म्हणजे मालगुजाराच्या काळातला, सत्तावीस एकरांचा आहे. अर्जदार लग्न होऊन आल्या तेव्हा त्यात मरळ, शिंगी, मागूर, झिंगे भरपूर होते आणि पाण्याखाली चिला व चौरा या वनस्पतींचे दाट रान होते. मासे त्या रानात अंडी घालतात आणि पिल्ले तिथेच लपून मोठी होतात. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

सन २००४ च्या सुमारास कोण्या एका योजनेत तलावात गवत्या मासे सोडण्यात आले. हा मासा पाण्यातले गवत खातो व त्याचे पोट भरत नाही. दोन वर्षांत त्याने तळ साफ केला. रान गेले, त्यामागे मरळ गेली, काठाने बेशरमाची झुडपे माजली आणि पाणी चहाच्या रंगाचे झाले. पुढे अकरा वर्षे त्या तलावात मरळ दिसली नाही. गावातल्या ढिवर बाया लेकरे सासवांपाशी टाकून सिरोंच्यापलीकडे तेलंगणात मिरची तोडायला जाऊ लागल्या. अर्जदारही गेल्या. बोटांची ती आग अजून आठवते असे त्या सांगतात, आणि सांगताना हात पदराखाली घेतात.

सन २०१६ च्या उन्हाळ्यात एकोणीस बायांनी मिळून बेशरम मुळासकट उपटले. उरलेसुरले गवत्ये जाळ्याने धरून संपवले. पाणी आटून जो तळ उघडा पडला तो बैल लावून नांगरला. पहिले पाणी आल्यावर चौदा किलोमीटरवरच्या एका जुन्या तलावातून चिला ओल्या पोत्यांत बांधून, डोक्यावर वाहून आणला. कमरेएवढ्या पाण्यात हात तळाला पुरत नाही, म्हणून प्रत्येक जुडी पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबून रोवावी लागते. अशा जुड्या त्यांनी सलग तीन पावसाळे रोवल्या. सन २०१७ च्या भाद्रपदात पहिली मरळ जाळ्यात आली. तिला पाहून बाया रडल्या आणि तिला परत पाण्यात सोडले. हे सर्व गटाच्या वहीत तारखांसह लिहिलेले आहे. वहीला मुखपृष्ठ नाही, एवढा एकच दोष तिच्यात आहे.

३. आता ज्या रिवाजामुळे हा घोटाळा झाला तो सांगणे भाग आहे. पोळ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी भिवरटोल्याच्या तलावात वर्षाचे पहिले जाळे पडते. त्याआधी पिल्लांचे दिवस म्हणून कोणी जाळे टाकत नाही. त्या सोमवारी पाळीवर जो कोणी परका माणूस उभा असेल त्याच्या नावाने पहिले जाळे टाकायचे, त्यातली सर्वांत मोठी मासोळी त्याच्या हातात द्यायची, आणि गावातल्या थोरल्या बाईने त्याला म्हणायचे, “तुमच्या पायानं मासोळी आली.”

हे वाक्य आजवर एका बांगड्या विकणाऱ्याला, वीज मीटर वाचणाऱ्याला, हरवलेली म्हैस शोधत सिरोंच्याकडून आलेल्या एका तेलुगू म्हाताऱ्याला आणि मतदार यादी घेऊन फिरणाऱ्या गुरुजींना म्हटले गेले आहे. एका वर्षी कोणीच आले नाही तेव्हा सडकेवर जाऊन पंक्चर झालेल्या मोटारसायकलवाल्याला बोलावून आणले होते. त्या म्हाताऱ्याची म्हैसही नंतर सापडली म्हणतात. परंतु यापैकी कोणीही तलाव आपण जिवंत केला असा दावा केला नाही. बोलण्यात एक गोडवा असतो, तो ऐकणाऱ्यालाही कळतो. पाहुण्याला “घर आपलंच समजा” म्हटले म्हणून पाहुणा फेरफार करायला तलाठ्याकडे जात नाही.

४. दि. ५ सप्टेंबर २०२२ हा असाच दुसरा सोमवार होता. वर उल्लेखलेल्या विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. राजदीप वैरागडे हे त्या दिवशी वेगळ्याच कामाने भामरागडला निघाले होते. तिकडे पूल पाण्याखाली गेल्याने ते अर्ध्या वाटेवरून परतले. दिवस फुकट जाऊ नये म्हणून कोणीतरी त्यांना तलाव दाखवायला आणले. ते पाळीवर चाळीस मिनिटे होते. पैकी दहा मिनिटे फोनला रेंज शोधण्यात गेली.

रिवाजाप्रमाणे त्यांच्या नावाने जाळे पडले. अडीच किलोची मरळ निघाली, ती त्यांना दिली. अर्जदारांनी ठरलेले वाक्य म्हटले. डॉक्टर साहेब म्हणाले, बाई, पुन्हा एकदा म्हणा, इकडे बघून. अर्जदारांना वाटले, माणसाला बरे वाटले असेल, कोणाला दोनदा ऐकावेसे वाटते. त्यांनी इकडे बघून पुन्हा म्हटले. साहेबांच्या मोबाईलमधले ते दृश्य एकोणीस सेकंदांचे आहे. अर्जदारांची चूक म्हणायची तर एवढीच, की मागणाऱ्याला त्यांनी गोड शब्द दुसऱ्यांदाही दिला.

५. यंदाच्या जून महिन्यात दामिनीने, जी बारावी पास आहे, आपल्या कामाने लोकांचे काय भले झाले हे दाखवायला त्या विद्यापीठाने मंडळाकडे दिलेला परिणाम-अभ्यास क्र. ७ मोबाईलवर उघडला आणि चुलीपाशी बसून सासूला वाचून दाखवला. त्यातील काही बाबी आपल्या माहितीस्तव देत आहे.

त्यात लिहिले आहे की, भिवरटोल्याचा तलाव ‘वैरागडे प्रतिमान’ नावाच्या पद्धतीने पुनरुज्जीवित झाला. त्या पद्धतीच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत : झुडपे काढणे, नको ते मासे काढणे, तळ नांगरणे, वनस्पती आणणे, वनस्पती लावणे. यातली एकही पायरी साहेबांनी पाहिलेली नाही. सगळ्या त्यांनी पाळीवर उभ्या उभ्या अर्जदारांच्या तोंडून ऐकल्या. अंगठ्याने दाबण्याचे मात्र त्यांनी विचारले नाही, त्यामुळे तेवढे अहवालात आलेले नाही आणि त्या पद्धतीने दुसरीकडे लावलेला चिला सगळा वर तरंगून आला असे कळते.

दोनशे बारा महिलांना प्रशिक्षण दिल्याचे लिहिले आहे. पाळण्यातल्या मुली धरून भिवरटोल्यात चौऱ्याण्णव बायका आहेत.

एक छायाचित्र आहे. त्यात अर्जदार बोट खाली करून काही बोलत आहेत व डॉक्टर साहेब मान हलवत आहेत. खाली मजकूर आहे, ‘तज्ज्ञांकडून मार्गदर्शन घेताना लाभार्थी महिला’. अर्जदार त्या वेळी म्हणत होत्या, “सायेब, बूट बाजूले घ्या, खाली चिला रोवला हाये.”

‘नमुना क्र. १’ म्हणून एका मरळीचे वजन व लांबी दिली आहे, आणि त्यावर लिहिलेल्या चार शोधनिबंधांची यादी आहे. हा तोच मासा, जो पाहुणा म्हणून त्यांना दिला होता. तो त्याच संध्याकाळी चामोर्शीत शिजला, आणि रस्सा चांगला झाल्याचे साहेबांनी स्वतः फोन करून कळवले होते. एका जेवणातून चार शोधनिबंध निघाल्याचे उदाहरण देशात दुसरे असेल असे लिहून देणाऱ्याला वाटत नाही.

आणि शेवटी मुख्य पुरावा : एकोणीस सेकंदांची चित्रफीत, जिच्याखाली लिहिले आहे, ‘मत्स्योत्पादनातील वाढ डॉ. वैरागडे यांच्यामुळेच झाल्याची लाभार्थीची स्वयंस्फूर्त कबुली’. या पुराव्यावर आपल्या मंडळाने चार तारे दिले. पाचवा तारा आपल्याकडे नाही म्हणून, नाहीतर तोही दिला असता.

६. येथवर ऐकून अर्जदार रागावल्या नव्हत्या. त्या हसल्या. सुनेला म्हणाल्या, “लिहू दे नं बापा. आपलं काय जाते. तलाव तं इथीच हाये.” लिहून देणारा हे वाक्य आपल्या लक्षात आणून देतो, कारण अर्जदारांना कोणाचा मान काढून घ्यायचा आहे असा गैरसमज होऊ नये. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे जगात असतातच, पीठ जाग्यावर असले म्हणजे दळणाऱ्या बाईचे काही अडत नाही.

पण पीठ जाग्यावर राहणार नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत विद्यापीठाचे पत्र आले. चार तारे मिळालेल्या कामाचा आता ‘विस्तार टप्पा’ आहे. डॉक्टर साहेबांच्या निष्कर्षानुसार तलावात वनस्पतींची वाढ ‘अतिरिक्त’ झाली असून ती नियंत्रित करण्यासाठी दि. १ सप्टेंबर रोजी, तज्ज्ञ पथकाच्या शुभहस्ते, गवत्या माशांची वीस हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तलावात सोडण्यात येणार आहेत. लाभार्थी महिलांनी एकसारख्या साड्या नेसून उपस्थित राहावे, असेही पत्रात आहे.

महोदय, वीस हजार. पूर्वी दोन हजारांनीच सत्तावीस एकर धुऊन काढले होते. हे पत्र वाचल्यावर अर्जदार त्या दिवशी जेवल्या नाहीत. दामिनीने विचारले तेव्हा म्हणाल्या, “माह्या बोलन्यानं आनून राह्यले ते. मीच म्हनलं नं का तुमच्या पायानं मासोळी आली. आता त्यायचे पाय वापस येऊन राह्यले.”

७. यानंतर दि. १४ जुलै रोजी अर्जदार व दामिनी दोन बस बदलून बल्लारशापर्यंत आणि तिथून रेल्वेने त्या विद्यापीठात गेल्या. तेथे जे घडले ते क्रमाने असे.

दरवाज्यावर रजिस्टर होते. ‘भेटीचा उद्देश’ या रकान्यात दामिनीने ‘तक्रार’ लिहिले. तेथील कर्मचाऱ्याने ते लाल शाईने खोडून ‘समुदाय-संवाद’ असे लिहिले, व तक्रारीसाठी रकाना नाही असे नम्रपणे सांगितले. डॉक्टर साहेब भेटले नाहीत. ते भिवरटोल्याविषयी बोलायला परदेशी गेले होते. ज्ञानविनिमय कक्षाच्या समन्वयक बाईंनी मात्र चहा दिला, बिस्किटे दिली, आणि एका फलकासमोर उभे करून फोटो काढला. अर्जदारांनी सांगितले, माझे ते वाक्य परत द्या, ते रिवाजाचे होते. समन्वयक बाई म्हणाल्या, तुमचे विधान आता डेटा झाले आहे, त्याची पडताळणी झाली आहे, डेटा परत घेता येत नाही. अर्जदारांनी विचारले, “पडताळणी कोनी केली? आमच्या गावात तं कोनी आलं नाई.” त्यावर कळले की, पडताळणी म्हणजे दुसऱ्या दोन विद्यापीठांतल्या दोन प्राध्यापकांनी चित्रफीत पाहून ती पटल्याचे कळवले. त्या दोघांच्या स्वतःच्या परिणाम-अभ्यासांची पडताळणी डॉक्टर साहेबांकडे होती, असे दामिनीने नंतर त्याच मोबाईलवर शोधून काढले.

हरकत घ्यायची असल्यास संगणकावर अर्ज होता. तो इंग्रजीत होता. त्यात हरकत घेणाऱ्याचा संशोधक क्रमांक, प्रकाशित निबंधांची यादी आणि मार्गदर्शकाचे नाव भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. दामिनीने मार्गदर्शकाच्या जागी सासूचे नाव टाकून पाहिले. संगणकाने ते घेतले नाही.

निघताना समन्वयक बाई आपुलकीने म्हणाल्या की, गावातली बाई इतक्या लांब येऊन माशांच्या जातीवर वाद घालते, ही जागरूकता हाच तर आमच्या कामाचा परिणाम आहे. आठ दिवसांनी तो फोटो मोबाईलवर फिरत आला. खाली लिहिले होते, ‘भिवरटोल्याच्या लाभार्थींची कृतज्ञता-भेट’. म्हणजे तक्रार करायला जाण्याचेही गुण त्यांनाच मिळाले. चोर तो चोर, वर शिरजोर ही म्हण लिहून देणाऱ्याने आजवर दुसऱ्यांच्या अर्जात पुष्कळ वापरली, पण ती इतकी नेमकी कधी बसली नव्हती.

८. येथे लिहून देणारा अर्जदारांच्या परवानगीने स्वतःचे चार शब्द घालतो. त्याला लबाडीची किळस नाही. लबाडी चामोर्शीच्या आठवडी बाजारातही आहे. तेथे तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारा आहे. पण तो गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देत नाही. आपण काय करतो आहोत ते त्याला माहीत असते, आणि कोणी हात धरला तर तो हसून चिंच काढतो. या प्रकरणात डोळा चुकवणारे कोणीच नाही. सगळे मनापासून बोलतात. डॉक्टर साहेबांना खरेच वाटते की तलाव त्यांनी जगवला. समन्वयक बाईंना खरेच वाटते की त्यांनी बाईचे ऐकून घेतले. आपल्या मंडळाला खरेच वाटत असावे की ज्ञान कोठून कोठे गेले ते नागपुरात बसून मोजता येते. ज्या कामात एकही माणूस खोटा नाही आणि तरीही एकही ओळ खरी नाही, असे काम लिहून देणाऱ्याने सव्वीस वर्षांत तहसीलच्या आवारातही पाहिले नाही, आणि तेथे त्याने बरेच पाहिले आहे.

त्याहून ओकारी आणणारी गोष्ट वेगळीच आहे. एका गावाकडे पाहुण्याला देण्यासाठी एक मासा आणि एक वाक्य होते. मासा खाल्ला, ते ठीक झाले, तो खाण्यासाठीच दिला होता. वाक्य मात्र त्यांनी दस्त करून ठेवले. आता त्या गावात कोणी परक्याशी गोड बोलायला निघाले की आधी त्याच्या हातात मोबाईल आहे का ते पाहते. मागच्या महिन्यात एक जडीबुटीवाला पाळीवर बसला होता, त्याला कोणी पाणीसुद्धा विचारले नाही. अर्जदारांना हे घरी आल्यावर कळले आणि त्या स्वतः तांब्या घेऊन गेल्या, तोवर तो उठून गेला होता. या नुकसानीला आपल्या तक्त्यात रकाना आहे काय, हे कळवावे.

९. करिता अर्जदारांची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) अर्जदारांचे वाक्य परिणाम-अभ्यास क्र. ७ मधून वगळावे व ते अर्जदारांना परत मिळाल्याचे लेखी द्यावे. तारे ठेवायचे की काढायचे ते मंडळाने पाहावे. ताऱ्यांचे अर्जदारांना काही करायचे नाही.

(आ) गवत्याचे एकही बोटुकले भिवरटोल्याच्या तलावात सोडू नये. या एका मागणीसाठी बाकी सगळ्या मागण्या सोडायला अर्जदार तयार आहेत, हे लिहून देणाऱ्याने दोनदा विचारून खात्री केली आहे.

(इ) तज्ज्ञ पथकाने दि. १ सप्टेंबर रोजी येऊ नये. तो पोळ्यानंतरचा दुसरा सोमवार आहे. त्या दिवशी पाळीवर परका माणूस उभा असला तर रिवाजाने त्याच्या नावाने जाळे टाकावे लागेल आणि ते वाक्य म्हणावे लागेल, आणि पथकात चित्रीकरण करणारे चौघे आहेत असे कार्यक्रमपत्रिकेत छापले आहे. म्हणून गटाने ठराव केला आहे की, पथक आल्यास जाळे पडणार नाही, आणि एकोणीसही बाया चिला लावला आहे त्या पाण्यात उभ्या राहतील. मासे सोडायचे असल्यास त्यांच्या मधून सोडावे लागतील. एकसारख्या साड्या त्यांच्याकडे नाहीत.

(ई) हा अर्ज संवाद, सहभाग, जागरूकता, प्रतिसाद किंवा अन्य कोणत्याही नावाने मोजू नये. ही तक्रार आहे.

१०. नुसते ‘वाक्य परत घेत आहे’ असे लिहिल्यास ते परत घेतल्यासारखे होत नाही, असे अर्जदारांचे म्हणणे पडले. ज्या तोंडाने दिले त्याच तोंडाने घ्यायला पाहिजे, आणि ज्याला दिले त्याचे नाव घेऊन. म्हणून त्यांनी सांगितले तसे, एकही अक्षर न बदलता, लिहून देत आहे. ही ओळ त्यांनी चार वेळा खोडायला लावली, कारण प्रत्येक वेळी ती त्यांना जास्त कडक वाटली.

“डाक्टर सायेब, त्या दिवशी मी तुमाले म्हनलं का तुमच्या पायानं मासोळी आली. नाई आली. तुमी येयाच्या पाच वर्साआधीच आली होती. तुमी पाहुने होते म्हनून म्हनलं. आता मी ते वापस घेते. मासोळी खाल्ली ते खाल्ली, ते काई मी मांगत नाई.”

हे अर्जदारांनी वाचून घेतले. मग म्हणाल्या की, त्यांच्या गावात पाहुण्याला असे आजवर कोणी म्हटलेले नाही, त्यांच्या सासूने नाही आणि सासूच्या सासूने नाही. लिहून देणारा म्हणाला, बाई, मग राहू द्या, नुसते गवत्याचे तेवढे ठेवू. त्यांनी मानेनेच नाही म्हटले आणि पेन मागितले. सही करून झाल्यावर त्यांनी ते शाई पुसून परत दिले.

कळावे. उत्तर आले नाही तरी चालेल, मासे मात्र येऊ नयेत.

पाण्यात उभी राहणार असलेली,
(सही) नीलाबाई सोमाजी दुमाने

लिहून देणार : (सही) मनसाराम भानारकर
चामोर्शी, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) महिला गटाच्या वहीची झेरॉक्स, सन २०१६ ते २०१९, पाने ४१. काही पानांवर चिखलाचे डाग आहेत, ते मूळ वहीचे आहेत.
२) परिणाम-अभ्यास क्र. ७ मधील छायाचित्र, ज्यात अर्जदार बुटाकडे बोट दाखवत आहेत.
३) आजवर पहिले जाळे ज्यांच्या नावाने पडले अशा सव्वीस परक्या माणसांची यादी, आठवली तेवढी. वीज मीटर वाचणाऱ्याचे नाव आठवले नाही.
४) चिल्याची जुडी, एक, स्टीलच्या डब्यात, तलावाच्या पाण्यासह. दामिनी ती अर्जासोबत हाती आणून देत आहे. डब्याचे झाकण उघडे ठेवावे. पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, नळाचे असल्यास आदल्या दिवशी भरून ठेवलेले घालावे. डबा कडक उन्हात ठेवू नये व कपाटातही ठेवू नये, खिडकीपाशी ठेवावा. हे अर्जदारांनी तीन वेळा वाचून घेतले आहे. दि. १ सप्टेंबर सोडून कोणत्याही दिवशी निरीक्षण अधिकारी साहेबांनी एकट्याने, पथकाशिवाय, ही जुडी घेऊन भिवरटोल्याला यावे. ती जिवंत असल्यास अंगठ्याने कशी रोवायची ते अर्जदार पाण्यात उतरवून दाखवतील, आणि ज्ञानविनिमय झाला असे आपल्याला हव्या त्या कागदावर लिहून देतील. जुडी मेल्यास डबा तेवढा परत पाठवावा. तो दामिनीच्या लग्नातला आहे.